मिळवत्या मुलांचे घरातील देणे

आमचे एक व्यापारी स्नेही गेल्या पंधरवड्यात आमच्या कचेरीत आले आणि बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी त्यांनी उठून दार लोटून घेतले. त्यांचे किराणा मालाचे दुकान आहे. देणे-घेणे चोख, बाजारात पत चांगली. कज्जा तर काहीच नव्हता. मग दार लोटण्यासारखे काय असावे, असे आमच्या मनात आले. "वकीलसाहेब, घरातल्या मुलाकडे जेवणाखाण्याचे पैसे मागावेत काय?" असे त्यांनी विचारले, आणि विचारून ते ओशाळले.

हकीकत अशी. त्यांचा वडील मुलगा एका संगणक कंपनीत चाकरीस लागून चार वर्षे झाली. तो घरीच राहतो, दोन्ही वेळा घरी जेवतो, त्याचे कपडे घरी धुतले जातात, आणि त्याचा पगार बापाच्या दुकानाच्या निव्वळ नफ्याहून अधिक आहे. घरखर्चात तो एक पैसाही घालत नाही. मुलगा वाईट नव्हे. दिवाळीस आईला पैठणी आणि बापाला भारी घड्याळ आणतो. ते घड्याळ आमच्या स्नेह्यांच्या मनगटावर होतेही. परंतु गल्ला पूर्वीसारखा राहिलेला नाही. मोठमोठ्या दुकानांनी आणि घरपोच माल आणून देणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाईक निम्म्यावर आणले आहे. "मागितले तर घराची खानावळ केली असे होईल, न मागावे तर या दिवाळीला मालाची उधारी फेडताना नाकी नऊ येणार," असे ते म्हणाले. निघता निघता आणखी एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली. धाकटी मुलगी शाळेत शिक्षिका आहे, ती दरमहा पैसे पुढे करते. पण ते त्यांनी कधी घेतले नाहीत. "मुलीचा पैसा कसा घ्यावा?"

आम्ही त्यांस आमचे मत तेथेच सांगितले. परंतु हीच अडचण आमच्या शहरातील शेकडो घरांत तोंड दाबून सोसली जात आहे हे ठाऊक असल्यामुळे तेच मत येथे काहीसे विस्ताराने मांडीत आहोत.

या प्रश्नाचा उच्चार होताच पहिला आक्षेप येतो तो असा की, घरात हिशेब शिरला की जिव्हाळा गेला. अन्नाचे पैसे घेणे ही साहेबांची रीत, आपली नव्हे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपले धर्मशास्त्र पाहिलेले नसते. मिळवत्या पुरुषाने कोणाचे अन्न खाल्ले होते, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी जितक्या बारकाईने विचारला तितका क्वचितच कोणी विचारला असेल. विद्येच्या बळावर मिळविलेले धन ज्याचे त्याचे की सर्व कुटुंबाचे, याचा निर्णय देताना कात्यायनाने कसोटी लावली ती अन्नाचीच: परक्या घरचे अन्न खाऊन आणि परक्यापासून विद्या घेऊन जे मिळविले, ते मिळविणाऱ्याचे एकट्याचे, त्यात भावाबंदांस वाटा नाही. याचा व्यत्यास उघड आहे. घरचे अन्न खाऊन विद्या केली असेल तर तिच्या फळावर घराचा हक्क पोचतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयास राहून विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली, तीतही बापाच्या द्रव्यास तोशीस न लावता जे मिळविले तेवढेच स्वतःचे, हाच कटाक्ष आहे. तेव्हा ताटातल्या भाकरीचा हिशेब ठेवणे हे परदेशातून आलेले खूळ नव्हे. तो हिशेब आमच्याच पूर्वजांनी मांडला.

इंग्रजी न्यायालयांनी मात्र या तत्त्वास असा पीळ दिला की ते अन्यायाचे साधन झाले. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे पंजाबातील एका सिव्हिल सर्व्हंटाचे प्रकरण गेले. त्याच्या विलायतेतील शिक्षणास कुटुंबाचा पैसा लागला होता, एवढ्यावरून त्याची सारी मिळकत एकत्र कुटुंबाची ठरली. म्हणजे घरच्यांनी एकदा शिक्षणास पैसे दिले की मुलाने जन्मभर जे जे मिळवावे त्यावर सर्वांनी हात टाकावा! आपल्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी विधिमंडळात विधेयक आणले आणि १९३० साली हिंदूंच्या विद्याधनाचा कायदा झाला, तो या निकालाच्या निराकरणार्थ. शिक्षण कुटुंबाच्या पैशाने झाले, किंवा शिकत असता मुलाचे अथवा त्याच्या बायकापोरांचे पोषण कुटुंबाने केले, एवढ्याच कारणावरून त्याची कमाई सामाईक समजू नये, असे त्या कायद्याने स्पष्ट सांगितले. सुधारणेच्या दृष्टीने ही गोष्ट मोठी होती आणि तिचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. स्वतःच्या कमाईवर स्वतःची सत्ता नसलेला मनुष्य मनानेही स्वतंत्र होत नाही.

परंतु या कायद्याने जे सांगितले त्याहून अधिक त्यात वाचले गेले. पगार मुलाचा आहे, एवढेच कायदा म्हणतो. तांदूळ फुकट आहेत, असे तो कोठेही म्हणत नाही. शिकत असता खाल्लेल्या अन्नाचे देणे त्याने माफ केले. मिळवू लागल्यानंतर खाल्लेल्या अन्नाविषयी तो मुग्ध आहे. ती रिकामी जागा कुटुंबांनी आपल्या शहाणपणाने भरावयाची होती. तेथे आपण संकोच आणून बसविला.

पूर्वी हा संकोच नव्हता, याची साक्ष फार लांब शोधावी लागत नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या वडिलांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांचे वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून १५ रुपयांची चाकरी धरली आणि त्यातले ८ रुपये ते दरमहा गोपाळरावांच्या शिक्षणास पाठवीत. पंधरांतून आठ! आजचा कोणता मिळवता भाऊ निम्म्याहून अधिक पगार घरच्या कामी लावतो? याच्या उलट बाजूने आगरकरांचे उदाहरण आहे. आपला मुलगा मोठमोठ्या परीक्षा देत आहे, आता मोठा पगार येईल, अशी आशा धरू नये, आपण पोटापुरत्यावर संतोष मानून लोकहितार्थ झिजणार, असे त्यांनी आपल्या आईस पत्र लिहून कळविले होते. त्या पत्राची थोरवी लोक नेहमी गातात; पण आम्हांस त्यातील दुसरी गोष्ट अधिक विचारणीय वाटते. आगरकरांनी आईची अपेक्षा खोटी किंवा लोभी ठरविली नाही. ती अपेक्षा रास्त आहे हे मनात धरूनच त्यांनी तिची समजूत घातली. ज्यास घरी देता येणार नव्हते, त्याने ते आधी स्पष्ट सांगितले. आजच्या मुलांस देता येते. तरी ती बोलत नाहीत, आणि आईबापही विचारीत नाहीत.

आणि कोकणचे काय? पोस्टाने १८८० साली मनिऑर्डर सुरू केली, तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक गावांच्या चुली मुंबईच्या पैशावर पेटत आल्या. गिरणीत साचे चालविणारा मुलगा गिरणगावातील खानावळवाल्या बाईस महिन्याची खानावळ चुकवी, खोलीच्या भाड्याचा आपला हिस्सा देई आणि उरलेल्यातून गावी आईच्या नावाने मनिऑर्डर करी. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा कित्येक गावांस त्याची झळ प्रथम लागली ती पोस्टमन रिकाम्या हाताने येऊ लागला म्हणून. त्या मुलांस कोणी कायदा शिकविला नव्हता. मुलगा दूर गेला म्हणजे घराचे देणे त्यास स्पष्ट दिसत असे. विलक्षण गोष्ट ही की, जो घरापासून दोनशे मैलांवर होता तो देत असे. आणि जो आईच्या हाताचे रोज गरम खातो, त्यास देण्याचे सुचत नाही.

या खानावळवाल्या बायांविषयी येथे थोडे लिहिणे भाग आहे. पहाटे उठून पंचवीस-तीस माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या या स्त्रिया. महिना भरला म्हणजे त्या पैसे घेत, आणि त्यात त्यांचा अपमान झाला असे कोणासही वाटले नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांस संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा त्यांच्या कष्टास प्रथमच नाव मिळाले. तीच भाकरी, तेच कष्ट, परंतु करणारी आई असली की त्याचे मोल शून्य! आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नात गल्ला आला, उधारी आली. पण या चार वर्षांत रोज डबा कोण भरून देते, हे त्यांच्याही तोंडून एकदा निघाले नाही. मुलाने घरात काही द्यावयाचे तर ते बापाच्या गल्ल्यात पडू नये. ते आईच्या हाती पडावे, आणि त्याचा हिशेब तिने कोणास देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विलायतेविषयीही आपल्याकडे भ्रामक कल्पना फार. तेथील लोक पोरांकडून भाडे घेतात, असे नाक मुरडून बोलले जाते. वस्तुतः लँकेशरसारख्या गिरणीच्या मुलखात मिळवते पोर आठवड्याचे पाकीट न फोडताच आईच्या हाती देत असे, आणि आई त्यातून त्यास हातखर्चास देत असे; म्हणजे कोकणातलीच रीत. ती बिघडली केव्हा हेही पाहण्यासारखे आहे. १९३१ साली तेथील सरकारने बेकारांच्या मदतीस घरटी मिळकतीची कसोटी लावली. घरात मुलगा किंवा मुलगी मिळवती असेल तर तिची कमाई धरून बेकार बापाची मदत कापली जाऊ लागली. आपल्याच पोराच्या जिवावर जगावे लागते म्हणून बाप खचले, आणि बापाची मदत आपल्यामुळे जाते म्हणून कित्येक पोरे घर सोडून वेगळी राहू लागली. शेवटी १९४१ साली कायदा करून ही घरटी कसोटी काढून टाकावी लागली. जे देणे आईच्या हाती आपखुशीने पडत होते, ते सरकारी कारकुनाने वसूल करू म्हणताच घरे फुटली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

म्हणूनच कायद्याचा बडगा दाखवून मुलाकडून पैसे काढावेत, असे सुचविणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. बडगे आहेत, नाहीत असे नव्हे. वृद्ध आईबापांस स्वतःचे पोषण करता येत नसेल तर मुलांकडून पोटगी मागण्याचा हक्क फौजदारी प्रक्रियेच्या १९७३ च्या संहितेत १२५ व्या कलमाने होता. तोच आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ व्या कलमात आला आहे. शिवाय ज्येष्ठ नागरिकांकरिता २००७ चा स्वतंत्र कायदा असून त्याखाली न्यायाधिकरणे नेमली गेली. (त्या कायद्याने वकिलांस तेथे उभे राहण्याची मनाई केली. आमच्या व्यवसायबंधूंनी त्याविरुद्ध पुष्कळ ओरड केली. आम्हांस मात्र त्या मनाईत थोडे शहाणपण दिसते.) दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तर २०१६ साली असे सांगितले की, आईबापांच्या स्वकष्टार्जित घरात सज्ञान मुलास राहण्याचा हक्कच नाही, तो राहतो ते त्यांच्या कृपेने. हे सर्व खरे. परंतु हे उपाय घर मोडल्यानंतरचे आहेत. आमच्या स्नेह्यांचे घर मोडलेले नाही. तेथे फक्त कोणी बोलत नाही.

किती द्यावे? बाजारभावाने खोलीचे भाडे आणि खानावळ लावणे आम्हांस पसंत नाही. आईबाप म्हणजे घरमालक नव्हेत. महिन्याचा खरा खर्च मांडावा: वाणसामान, दूध, भाजी, गॅस, वीज, घरपट्टी, औषधपाणी, कामवाल्या बाईचा पगार. त्यातून आपल्या वाट्याचे, आणि पगार मोठा असेल तर वाट्याहून थोडे अधिक, मुलाने द्यावे. जो नुकता उमेदवारीत आहे, ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, त्याने थोडके द्यावे. पण अगदी काहीच देऊ नये असे नाही. किती, याहून दरमहा, ठरल्या दिवशी, न मागता, याचे महत्त्व अधिक. सणावारी आणलेल्या पैठणीने डाळ-तांदळाचे बिल भागत नाही. आणि देणग्या देणारा व वाटा उचलणारा यांत जो भेद आहे तो घरातही आहेच: देणगीदाराचे कौतुक होते, वाटेकऱ्यास घराच्या निर्णयांत मत असते.

काही सुखवस्तू आईबाप मुलाकडून पैसे घेतात आणि त्यास न सांगता त्याच्याच नावाने बँकेत ठेवून लग्नाच्या वेळी ते परत देतात. या युक्तीची फार वाखाणणी होते. आम्हांस ती आवडत नाही. घर चालविण्यास काय पडते हे मुलाने शिकावे, हा पैसे घेण्याचा निम्मा हेतू. आणि येथे तर शेवटी त्यास कळते ते हे की, घर चालविण्यास त्याच्या पैशाची गरज नव्हतीच. गरज नसेल तर तसे सांगून घेऊ नये. असेल तर घेऊन खर्च करावे.

आता मुलींचा प्रश्न, आणि आमच्या मते खरा प्रश्न हाच. "मुलीचा पैसा कसा घ्यावा?" या वाक्यात जी माया दिसते तिच्या पोटात जुनी तुच्छता दडलेली आहे. मुलगी परक्याचे धन, तिचा पैसा उद्याच्या सासरचा, म्हणून तो आज घेणे पाप. हा तो विचार. न्यायालयाने त्यास केव्हाच मूठमाती दिली. आईबापांच्या पोटगीच्या कलमात फक्त मुलगाच येतो, मुलगी नव्हे, असा वाद एका विवाहित, स्वतः डॉक्टर असलेल्या कन्येच्या प्रकरणात झाला असता, मिळवत्या कन्येवरही, ती विवाहित असली तरी, आईबापांचे पोषण करण्याची जबाबदारी आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. पुढे १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली सर्व देशाने मुलीस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः वाटा दिला. ज्या घरात मुलीस वाटा आहे, त्या घराच्या खर्चात तिचा हात नको, हे कोणते तर्कशास्त्र? आमची तर अशी शंका आहे की, कित्येक बाप मुलीचे पैसे नाकारतात ते मायेने नव्हे. घेतले तर तिच्या मतासही घरात जागा द्यावी लागेल, आणि उद्या वाटणीच्या वेळी हक्कसोडपत्रावर सही करून घेताना लाज वाटेल, हे ते मनोमन जाणतात.

तथापि उलट बाजूचा अपराध याहून काळा आहे, आणि तो आम्ही आमच्या धंद्यात पाहिला आहे. मुलीचा पगार घरात येतो, धाकट्या भावांची शिक्षणे त्यावर होतात, आणि तिला आलेले प्रत्येक स्थळ काही ना काही खुसपट काढून परत पाठविले जाते. ती चाळिशी ओलांडते; भाऊ लग्ने करून वेगळे होतात; आईबाप गेल्यावर घर भावांचे, आणि ती भाड्याच्या खोलीत. तेव्हा मुलीनेही द्यावे, पण मुलाइतकेच. आणि उरलेला पैसा तिच्या स्वतःच्या खात्यात, तिच्या एकटीच्या सहीचा राहावा.

दुकानात बापाबरोबर राबणाऱ्या मुलाविषयी आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. सकाळी आठापासून रात्री दहापर्यंत तो गल्ल्यावर बसतो, त्यास पगार नाही, नफ्यात हिस्सा लिहिलेला नाही. लागेल तेव्हा उचल घेतो आणि ती कीर्दीत 'घरखर्च' म्हणून पडते. त्याच्याकडून काय घ्यावे हा प्रश्नच नाही. देणे दुकानाचे आहे. त्यास पगार लावा किंवा भागीदारीपत्र करा. मग त्यानेही नोकरीवाल्या भावाप्रमाणे आईच्या हाती वाटा द्यावा. असे न केल्यानेच दोन भावांत, एक 'मी दुकान वाढविले' म्हणणारा आणि दुसरा 'तू फुकट खाल्लेस' म्हणणारा, असे दावे उभे राहतात.

दाव्यांचा विषय निघालाच आहे, तर एक सावधगिरीची सूचना वकील या नात्याने देणे आम्हांस प्राप्त आहे. घरखर्चास दिलेला पैसा आणि घर बांधण्यास किंवा घराच्या कर्जाच्या हप्त्यास दिलेला पैसा, या दोन वस्तू भिन्न आहेत. त्या कधीही एकत्र कालवू नयेत. घरखर्चास दिल्याने घरात मालकी येत नाही, आणि मुलाने मोठ्या मनाने घरच्यांवर खर्च केला एवढ्यावरून त्याची स्वतःची मिळकत सामाईकही होत नाही. आपला स्वतंत्र हक्क सोडण्याचा स्पष्ट हेतू असल्याशिवाय तसे मानू नये, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. परंतु हप्ते मुलाने भरावयाचे आणि खरेदीखत एकट्या बापाच्या नावे करावयाचे, ही आपल्याकडील सर्रास चाल फार धोक्याची आहे. बेनामी व्यवहारांच्या १९८८ च्या कायद्यात २०१६ साली जी सुधारणा झाली, तिच्यातील अपवादाचा आसरा आईबापांच्या नावे घेतलेल्या मिळकतीस हवा असेल, तर दस्तात सहमालक म्हणून पैसे देणाराचेही नाव असावे लागते. भाऊ भाऊ आहेत तोपर्यंत कोणी हे पाहत नाही. बाप गेल्यानंतर तेच भाऊ आमच्याकडे येतात, आणि तेव्हा खरेदीखत बदलता येत नाही.

आमचे स्नेही परवा पुन्हा आले होते. या वेळी दार उघडेच राहिले. त्यांनी स्वतः काही बोलण्याऐवजी पत्नीकडून महिन्याचा खर्च एका वहीत लिहवून घेतला आणि ती वही रविवारी जेवणानंतर मुलापुढे ठेवली. मुलाने ती दोनदा वाचली. आपण पैसे पुढे केले तर बाबांस दुकान चालत नाही असे सुचविल्यासारखे होईल, या भीतीने तो चार वर्षे गप्प होता, असे त्याने सांगितले. पहिल्या तारखेस त्याने आईच्या हाती रक्कम ठेवली. किती, ते आमच्या स्नेह्यांस अद्याप ठाऊक नाही, आणि त्यांनी विचारलेलेही नाही. मुलीचे पैसे मात्र ते अजून घेत नाहीत. त्याविषयी आमचे त्यांच्याशी बोलणे चालू आहे.